बर्लिनहून परत आलेले तिघे

मागच्या मे महिन्यात आमचा एक जुना विद्यार्थी आई-वडिलांना घेऊन घरी आला. जर्मनीतल्या एका विद्यापीठात त्याला इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नसते, म्हणून आधी घरात आनंदीआनंद होता. मग कळले की व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका बंद खात्यात भरून दाखवावे लागतात. म्हणजे दहा लाखांच्या वर. आईच्या बांगड्या आणि गावाकडची थोडी जमीन, दोन्हींचा हिशोब करूनच मंडळी आली होती.

वडिलांनी विचारले, "सर, शिकल्यावर पगार किती पडेल?" आई बराच वेळ गप्प होती. उठताना म्हणाली, "परत येईल ना हो हा?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरे आमच्याकडे नव्हती. पण त्या रात्री आम्हांला डॉ. झाकिर हुसेन साहेबांची आठवण झाली. देशाचे राष्ट्रपती म्हणून त्यांचा फोटो आपण शाळेच्या भिंतीवर पाहिलेला असतो. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या पंचविशीतल्या झाकिर हुसेनची ओळख मात्र आपल्या मुलांना कोणी करून देत नाही.

त्यांचा जन्म १८९७ सालचा, हैदराबादचा. लहानपणीच वडील गेले, काही वर्षांत आईही गेली. इटाव्याच्या इस्लामिया शाळेतून ते अलीगढला आले. १९२० साली असहकाराच्या हाकेला ओ देऊन जी मुले आणि जे शिक्षक कॉलेज सोडून बाहेर पडले, त्यांत ते होते. २९ ऑक्टोबर १९२० ला अलीगढलाच जामिया मिल्लिया इस्लामियाची सुरुवात झाली. तिथे दोन वर्षे शिकवून ते जर्मनीला गेले. लग्न झालेले होते. बेगम इकडेच राहिल्या. बाहेर शिकायला जाणाऱ्याची किंमत घरातली बाईसुद्धा मोजते. ही गोष्ट चरित्रांत एका ओळीत संपते म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

बर्लिन विद्यापीठात त्यांचा विषय अर्थशास्त्र होता. वेर्नर झोम्बार्ट या नामांकित प्राध्यापकांकडे त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या शेतीव्यवस्थेवर प्रबंध लिहिला आणि १९२६ साली डॉक्टरेट मिळवली. आता गंमत पाहा. पुढच्या आयुष्यात या पदवीपेक्षा कामाला आले ते वर्गाबाहेर शिकलेले.

बर्लिनमध्ये कावियानी नावाचा एक इराणी छापखाना होता. तिथे झाकिर साहेबांनी गालिबचा दीवान छापून घेतला, खिशात मावेल असा छोटा. पैसे अपुरे आणि उर्दू जाणणारे कामगार नाहीत, तेव्हा ते स्वतः खिळे जुळवायला बसले. डॉक्टरेट करणारा माणूस शाईने बरबटलेल्या हातांनी एक एक अक्षर लावतो आहे, हे चित्र आमच्या मनातून जात नाही. आपल्याकडे तेव्हा शिकलेला माणूस म्हणजे हाताने काम न करणारा माणूस. आजही फार वेगळे नाही. आमच्या शाळेत आठवीचा मुलगा बाक उचलायला सांगितला की शिपाईमामांकडे बघतो.

त्याच काळात जर्मनीत एका शिक्षणतज्ज्ञाचे नाव गाजत होते, गेऑर्ग केर्शेनश्टायनर. म्युनिकच्या शाळांचा कारभार त्यांनी वीसेक वर्षे सांभाळला होता. मुलाने काम करता करता शिकावे, हा त्यांचा आग्रह. ते एक साधे उदाहरण देत. मुलाला पक्ष्यासाठी लाकडी घरटे करायला द्या. तो आधी विचार करील, माप घेईल, कापील, जोडील. फळी तिरकी कापली गेली तर फट दिसेलच. तिथे मास्तरांनी लाल शाईने चूक दाखवायची गरज नाही. लाकूडच त्याला चूक सांगते. मुलगा आपले काम आपणच तपासायला शिकतो, आणि हा प्रामाणिकपणा पुढे त्याच्या स्वभावात उतरतो. झाकिर साहेबांनी हा विचार कायमचा आपलासा केला.

बर्लिनमध्ये त्यांना दोन सोबती मिळाले. आबिद हुसेन तत्त्वज्ञान आणि शिक्षणशास्त्राचे. पुढे गांधीजींची आत्मकथा उर्दूत आणणारे तेच. दुसरे मोहम्मद मुजीब, ऑक्सफर्डला इतिहास शिकून बर्लिनला छपाईचे काम शिकायला आलेले. इकडे जामियाची अवस्था वाईट होती. खिलाफत चळवळ ओसरली, देणग्या आटल्या आणि शाळा बंद करावी अशी भाषा सुरू झाली. तेव्हा या तरुणांनी निरोप धाडला की आम्ही आयुष्य द्यायला तयार आहोत, आम्ही येईपर्यंत जामिया बंद करू नका.

फेब्रुवारी १९२६ मध्ये तिघे परतले. जामिया तोवर दिल्लीत करोलबागेत हलली होती. २९ वर्षांचे झाकिर हुसेन तिचे शेखुल जामिया, म्हणजे कुलगुरू झाले. पुढच्याच वर्षी संस्थेचा मोठा आधार असलेले हकीम अजमल खान वारले आणि तिजोरी रिकामी झाली. मग काही शिक्षकांनी अंजुमन स्थापून वचन दिले: वीस वर्षे इथेच काम करू आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार मागणार नाही. युरोपच्या पदव्या असलेल्या माणसांना तेव्हा कुठेही याच्या कित्येक पट मिळाले असते. झाकिर साहेब १९४८ पर्यंत तिथेच राहिले.

बर्लिन त्यांच्यामागोमाग जामियात आले. मुलांचे दुकान आणि मुलांची बँक निघाली, दोन्ही मुलांनीच चालवायची. 'पयामे तालीम' हे मुलांचे मासिक निघाले. १९३५ मध्ये ओखल्याला नव्या इमारतीची पायाभरणी झाली, तेव्हा पहिला दगड शाळेतल्या सर्वांत लहान मुलाच्या हातून बसवला. बर्लिनची मैत्रीण गेर्डा फिलिप्सबोर्न, ज्यू कुटुंबातली, हिटलरच्या उदयाच्या सुमारास हिंदुस्थानात आली आणि जामियाच्या लहान मुलांची आपाजान झाली. १९४३ साली ती वारली. तिची कबर जामियाच्याच कब्रस्तानात आहे.

आता महाराष्ट्राशी जोडलेला प्रसंग. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. मुलांना हस्तोद्योगातून शिकवावे आणि त्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. झाकिर साहेब उभे राहिले आणि सर्वांसमोर बोलले. हातांच्या कामातून शिक्षण हे योग्यच आहे, पण ही कल्पना अगदी नवी नाही, इतर देशांतले शिक्षक ती वापरत आहेत. आणि शाळेने स्वतःचा खर्च काढावा यावर फार जोर दिला तर शिक्षक मुलांना राबवून घेतील, असा इशाराही दिला. गांधीजींनी योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच दिले.

आम्हांला वाटते, परदेशी शिक्षणाने त्यांना दिले ते हे. ज्यांच्या हाकेवर कॉलेज सोडले, त्यांच्यासमोर अदबीने मतभेद मांडता आला, कारण तीच गोष्ट दुसऱ्या देशात कशी चालते, कुठे बिघडते, हे माहीत होते. तिथले सगळे चांगले असे त्यांनी मानले नाही, आणि आपले सगळे चांगले असेही नाही.

त्या वर्धा योजनेचा एक धागा आजही आमच्या वेळापत्रकात आहे, 'कार्यानुभव' नावाचा तास. खरे सांगायचे तर परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जातो. आम्हीही नेला आहे. लाकूड मुलाला चूक सांगते, हे वाचून माहीत असताना नेला आहे.

म्हणून त्या मुलाला परत येच असे सांगायचा हक्क आम्हांला वाटला नाही. झाकिर साहेबांच्या डोक्यावर बंद खात्याचे कर्ज नव्हते, आणि दीडशे रुपयांचे वचन दुसऱ्याच्या मुलाकडून घेता येत नाही. त्याला फक्त एवढे म्हटले, की प्रयोगशाळेत शिकशील ते मार्कशीटवर येईलच. बाहेर काय दिसते तेही आम्हांला लिहीत जा.

सप्टेंबरमध्ये तो गेला. पहिल्या महिन्यात फक्त बर्फ कधी पडणार याची चर्चा. मग एके दिवशी व्हॉट्सअॅपवर वर्कशॉपचा फोटो आला. खाली लिहिले होते, "सर, इथे आमचे प्राध्यापक काम झाल्यावर स्वतःचे टेबल स्वतः पुसतात. पहिल्या दिवशी मी शिपाई शोधत होतो."

तो फोटो आम्ही आठवीच्या मुलांना दाखवला, कार्यानुभवाच्या तासाला. मुलांनी त्याला विचारायचे प्रश्न वहीच्या पानावर लिहून दिले आहेत. बहुतेक जेवणाविषयी आहेत, दोन-तीन यंत्रांविषयी. पान पाठवले आहे. त्याची परीक्षा चालू आहे, उत्तर यायचे आहे. आईचा प्रश्न मात्र त्या पानावर नव्हता. तो तिने स्वतःच फोनवर विचारावा, असे आम्ही तिला सांगितले.