जुने विमान निवडताना



गेली तीस वर्षे मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील कारखान्यांच्या फाटकांवर उभा राहून बोलत आलो आहे. बोनस, किमान वेतन, कंत्राटी कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी हे माझे नेहमीचे विषय. असा मनुष्य वसंत व्याख्यानमालेत विमानाच्या खेळावर बोलणार, हे वाचून आपल्यापैकी कित्येकांना हसू आले असेल. पण ह्या खेळापायी कामगारांच्या वर्गणीतले १८०० रुपये माझ्या हातून वाया गेले, आणि त्याचा जाब मला सभेत द्यावा लागला. त्या जाबातून जे शिकलो ते आज सांगणार आहे.

आमच्या कचेरीत सभासदांच्या मुलांसाठी एक लहानसे वाचनालय आहे. तेथे वर्गणीतून एक संगणक घेतला. मुलांनी त्यावर फ्लाइट सिम्युलेटर बसवले. म्हणजे काय? विमान चालवण्याची हुबेहूब नक्कल. पडद्यावर वैमानिकाच्या पुढची घड्याळे आणि खिडकी दिसते. हातात जॉयस्टिक धरायची आणि विमान उडवायचे. मूळ सामानाबरोबर काही विमाने येतातच. त्याशिवाय निराळे कारागीर निराळी विमाने तयार करतात. ती विकत किंवा फुकट घेऊन वरून जोडायची. ह्यालाच ॲड-ऑन म्हणतात.

मुलांना हवे होते जेट. मी म्हटले, नाही. जुने, लहान, एका इंजिनाचे विमान घेऊ. निर्णय बरोबर होता, पण खरेदी चुकली. चित्रात कातडी खुर्च्या झळकत होत्या, पितळेच्या कड्या चमकत होत्या. मी भुललो. विमान आले, उडाले, मुले खूश झाली. मग एक निवृत्त फिटर सभासद येऊन बसले. त्यांनी एक कळ फिरवली, दुसरी फिरवली आणि म्हणाले, "भाऊ, हे इंजिन नाही, इंजिनाचं चित्र आहे. कुठलीही कळ दाबा, त्याला फरकच पडत नाही." पुढच्या सभेत हाच प्रश्न त्यांनी सर्वांसमोर विचारला, आणि तो विचारण्याचा त्यांना हक्क होता.

तेव्हा पहिला मुद्दा असा, की ॲड-ऑन विमान डोळ्यांनी निवडू नये, हातांनी निवडावे. कळ आणि तिचा परिणाम ह्यांचा संबंध ज्यात खरा आहे, ते विमान चांगले. ही परीक्षा कशी करायची ते क्रमाने पाहू.

विमानाच्या जुन्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीवाचून ठिणगी देणारे यंत्र; जुन्या लूनेला असे ते. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर इंजिन चालावे, म्हणून ही जोडी. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो. तसे केल्यावर इंजिनाचे फेरे थोडे कमी झाले पाहिजेत. मुळीच कमी झाले नाहीत, तर विमान पोकळ आहे असे खुशाल समजावे. माझे १८०० रुपये येथेच बुडाले होते.

दुसरी परीक्षा कार्बोरेटरची. त्यात पेट्रोलची वाफ होताना आणि हवेचा दाब उतरताना आतली हवा वीस अंशांनी किंवा त्याहूनही अधिक थंड होते. म्हणून बाहेर कोकणची दमट, उबदार हवा असली तरी आत बर्फ धरू शकतो आणि इंजिन गुदमरते. त्यावर उपाय म्हणजे गरम हवा आत सोडणारी कळ. ती ओढली की गरम हवा विरळ असल्यामुळे फेरे किंचित उतरतात. चांगल्या ॲड-ऑनमध्ये हे घडते. पावसाळी हवेत कळ ओढायला विसरलात तर इंजिन तुम्हाला धडाही शिकवते.

तिसरी परीक्षा जमिनीवरची. जुन्या विमानांना पुढे दोन चाके आणि शेपटीखाली एक लहान चाक किंवा नुसती घसरपट्टी असते. वजनाचा मध्य पुढच्या चाकांच्या मागे येतो. हातगाडी पुढून ओढली तर ती मुकाट्याने मागून येते. पण मागून ढकलली की तिचे तोंड भलतीकडे वळते. ह्या विमानांचे असेच आहे. शेपटी पुढे यायला बघते आणि पाय सतत सुकाणूवर ठेवावे लागतात. शिवाय प्रोपेलरच्या फिरण्याने विमान एका अंगाला ओढते. अमेरिकन पायपर क्यूब डावीकडे ओढते. इंग्रजी टायगर मॉथचे जिप्सी मेजर इंजिन उलट फिरते, म्हणून ते उजवीकडे ओढते. टायगर मॉथ म्हणून घेतलेले विमान डावीकडे ओढू लागले, तर कारागिराने दुसऱ्याच विमानाला नवा रंग दिला आहे असा संशय घ्यावा. मात्र ही परीक्षा करण्याआधी सिम्युलेटरमधली आपोआप सुकाणू सांभाळण्याची सोय बंद करावी. नाही तर सगळीच विमाने शहाणी वाटतात.

चौथी परीक्षा उतरण्याची. क्यूबला आणि टायगर मॉथला पंखांवर फ्लॅप नाहीत. उंची जास्त झाली तर विमान मुद्दाम तिरके करून, एका अंगावर घसरवत खाली आणावे लागते. ज्यात हे तिरके घसरणे जमत नाही, ते विमान घेऊ नये.

आता आपण विचाराल, एवढा खटाटोप जुन्याच विमानासाठी का? कारण जुन्या विमानात यंत्र उघडे असते. क्यूबचेच पाहा. ह्या जातीची सुमारे २०,००० विमाने १९३८ ते १९४७ ह्या काळात बांधली गेली. इंजिन पासष्ट अश्वशक्तीचे. सुरू करायचे तर बाहेर उभे राहून प्रोपेलर हाताने फिरवायचा. पेट्रोल किती उरले हे सांगायला नाकावर एक तार. तिच्या खालच्या टोकाला बूच, ते टाकीत तरंगते. पेट्रोल संपत जाते तशी तार खाली जाते. विहिरीत काठी टाकून पाणी मोजणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

ह्या विमानांशी आपलेही नाते आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ नावाच्या लहान विमानातून कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला उतरले. अहमदाबादेस विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. बरोबर पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केला. आणि बंगलोरच्या हिंदुस्थान कारखान्यात एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान ज्यांनी आखले, ते डॉ. विष्णु माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. ते विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. १९५८ मध्ये त्याच कारखान्याचे पुष्पक उडाले आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेले. वर पंख, त्यांवर कापड, शेपटीखाली चाक, नव्वद अश्वशक्ती. बांधा क्यूबच्याच घराण्यातला. पडद्यावर ज्याने क्यूब नीट हाताळले, त्याला पुष्पकचे बहुतेक गुणदोष कळले.

आता पैशाची गोष्ट. एका सिम्युलेटरचे विमान दुसऱ्यात चालत नाही. एक्स-प्लेनसाठी घेतलेले मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये बसत नाही. मायक्रोसॉफ्टच्याही २०२० आणि २०२४ अशा दोन आवृत्त्या आहेत; आपल्या आवृत्तीचे नाव विक्रेत्याने लिहिले आहे की नाही ते आधी पाहावे. त्यांना वेगवान संगणक लागतो आणि जमिनीचे चित्र इंटरनेटवरून येत राहते. ज्यांच्याकडे हे नाही, त्यांनी फ्लाइटगिअर घ्यावे. ते पूर्णपणे फुकट आहे, आणि त्यात सेसना १७२ आणि पायपर क्यूब ही दोन्ही काळजीपूर्वक बनवलेली विमाने मिळतात. पैसे खर्चायचेच असतील, तर ज्यात इंजिनाची झीज एका उड्डाणातून दुसऱ्या उड्डाणात लक्षात ठेवली जाते, अशा विमानावर खर्चावे. ए-टू-ए ह्या कारागिरांचे कोमांचे तसे आहे: इंजिन रेटले, तेल पाहिले नाही, तर पुढच्या खेपेस ते भोगावे लागते. यंत्र वापरणाऱ्याने यंत्र जपावे, हे मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी फुकटचे क्यूब, निदान दोन महिने, मग वाटल्यास एकच विकतचे. दहा अर्धवट विमानांपेक्षा एक पुरते ओळखीचे बरे.

एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगतो. घरातल्या सिम्युलेटरवरचे तास वैमानिकाच्या परवान्यासाठी मोजले जात नाहीत. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे खरे उड्डाण लागते आणि त्याला लाखो रुपये पडतात. ह्या खेळातून मुलगा वैमानिक होईल असे कोणी विकणारा सांगू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण इंजिन, हवा, वजन आणि तोल ह्यांचे जे ज्ञान ह्यातून मिळते ते खरे असते, आणि ते गिरणीतल्या, कारखान्यातल्या, गॅरेजातल्या कामासही उपयोगी पडते.

शेवटी एक प्रसंग सांगून संपवतो. जेट जुहूहून शहापूरवर पाच मिनिटांत येते आणि खाली काय आहे ते दिसण्यापूर्वी निघून जाते. क्यूबला सुमारे अर्धा तास लागतो. आमच्या मुलांनी जुन्या वैमानिकांसारखा रूळ धरला: कल्याण, टिटवाळा, वाशिंद, आसनगाव. डावीकडे माहुलीचा डोंगर आला. सुळके पडद्यावर थोडे बोथट दिसले, पण ओळख पटली. पलीकडे तानसा, १८९२ पासून मुंबईला पाणी देणारा. मग उजवीकडे वळून भातसा धरण. तेथून दक्षिणेस मुरबाड काही मिनिटांवर, आणि त्याच्या आग्नेयेला सिद्धगड, जेथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले.

भातसावरून जाताना शहापूरकडच्या एका पाड्यातली मुलगी विमान चालवत होती. तिने विमान वळवले आणि पुन्हा तेथेच फिरवले. मला म्हणाली, "काका, आमचा पाडा ह्या पाण्याच्या एवढा जवळ आहे? मग उन्हाळ्यात आम्ही टँकरची वाट का बघतो?" मी तीस वर्षे सभांतून ह्या प्रश्नावर बोललो आहे. तो तिला त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी दिसला, कारण विमान सावकाश चालत होते आणि खिडकी मोठी होती.

बुडालेले १८०० रुपये मी पदरचे भरले; हिशेब वहीत आहे, कोणीही पाहावा. ती मुलगी हल्ली क्यूबच घेते. जेट अजून आम्ही घेतलेले नाही.