बेंगळुरूत कांजिण्या झाल्यास उपचार कोठे आणि कसे?

हिवाळा सरून उन्हे तापू लागली, की कांजिण्यांचे रुग्ण वाढतात, हा देशाच्या बहुतेक भागांतील अनुभव असून बेंगळुरूही त्यास अपवाद नाही. मात्र या महानगरात या आजाराला एक निराळी बाजू आहे. महाराष्ट्र व अन्य राज्यांतून शिक्षण आणि नोकरीसाठी आलेले तरुण मोठ्या संख्येने येथील पेइंग गेस्ट निवासांत आणि सामायिक सदनिकांत राहतात. एका खोलीत दोघे-तिघे, स्नानगृह एकच, जेवणाची जागाही एकच. बालपणी कांजिण्या न झालेल्या तरुणाला त्या येथे झाल्या, की आजारपणाबरोबरच राहायचे कोठे, हा प्रश्नही उभा राहतो.

कांजिण्या हा व्हॅरिसेला-झोस्टर या विषाणूमुळे होणारा आजार आहे. रुग्णाच्या श्वासावाटे आणि फोडांतील द्रवाच्या संपर्कातून तो पसरतो. संसर्ग झाल्यापासून १० ते २१ दिवसांनी लक्षणे दिसतात. प्रथम कणकण, अंगदुखी, मग छाती, पोट व पाठीवर लालसर पुरळ, त्याचे पाणीदार फोड आणि शेवटी खपल्या असा त्याचा क्रम असतो. फोड टप्प्याटप्प्याने उठत असल्यामुळे एकाच वेळी शरीरावर पुरळ, फोड आणि खपली अशा तिन्ही अवस्था आढळतात. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रुग्ण इतरांना संसर्ग देऊ शकतो आणि सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत ही शक्यता कायम राहते. पूर्वी हा आजार न झालेल्या व लस न घेतलेल्या घरातील व्यक्तींपैकी ९० टक्क्यांपर्यंत लोकांना त्याची लागण होऊ शकते.

लहान मुलांमध्ये हा आजार बहुधा आठवडाभरात ओसरतो. प्रौढांचे तसे नाही. ताप अधिक चढतो, फोड अधिक येतात आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये व गर्भवतींमध्ये हा धोका आणखी गंभीर असतो. उष्ण कटिबंधातील देशांत बालपणी या आजारातून सुटलेल्यांचे प्रमाण समशीतोष्ण देशांपेक्षा अधिक असते, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजेच विशी-तिशीतील रुग्ण ही येथे नवलाची बाब नाही.

पहिले चोवीस तास

प्रौढांच्या उपचारात पहिल्या दिवसाला विशेष महत्त्व आहे. अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध पुरळ उठल्यापासून २४ तासांच्या आत सुरू केल्यास सर्वाधिक परिणामकारक ठरते. प्रौढांसाठी साधारणपणे ८०० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून पाच वेळा, सात दिवस दिली जाते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा बदलावी लागते, त्यामुळे हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावयाचे असते आणि त्यासोबत भरपूर पाणी पिणे आवश्यक असते. निरोगी लहान मुलांना बहुधा त्याची गरज भासत नाही.

नेमका हाच पहिला दिवस अनेकदा वाया जातो. कर्नाटकात कांजिण्यांना 'अम्मा' म्हणण्याची प्रथा आहे. मराठीत ज्या भावनेने 'देवी आल्या' असे म्हटले जाई, तीच येथेही आढळते. देवीचा रोग भारतातून १९७५ साली हद्दपार झाला, परंतु त्याच्याशी जोडलेला औषध न घेण्याचा संकेत मात्र कांजिण्यांच्या वाट्याला आला. अंगाखाली कडुनिंबाचा पाला पसरणे, फोडणीचे पदार्थ वर्ज्य करणे यांत फारसे नुकसान नाही. आजार त्याने लवकर बरा होतो, असा पुरावाही नाही. हानी होते ती डॉक्टरांकडे न जाण्याने आणि स्नान टाळण्याने. कोमट पाण्याने रोज हलके स्नान केल्यास त्वचा स्वच्छ राहते आणि फोडांत जंतुसंसर्ग होण्याची शक्यता कमी होते.

तापासाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते. अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण मुलांमध्ये त्यातून यकृत व मेंदूवर आघात करणारा राय सिंड्रोम उद्भवू शकतो. आयबुप्रोफेनही टाळावे, त्वचेच्या गंभीर संसर्गाशी त्याचा संबंध आढळला आहे. खाजेसाठी कॅलामाईन लोशन व डॉक्टरांनी सुचविलेली अ‍ॅलर्जीरोधक गोळी उपयुक्त ठरते. नखे मात्र बारीक कापलीच पाहिजेत. धाप लागणे, छातीत दुखणे, न थांबणारी उलटी, असंबद्ध बोलणे, तोल जाणे किंवा फोडाभोवती पसरणारी सूज ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठणे अनिवार्य आहे. यासाठी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. मात्र कांजिण्यांचा रुग्ण असल्याचे आधीच सांगणे हिताचे.

शहरातील सोयी

साध्या प्रकरणात जवळचा कौटुंबिक डॉक्टर किंवा नागरी आरोग्य केंद्र पुरेसे असते. २०२२-२३ पासून राज्य सरकारने 'नम्म क्लिनिक' या नावाने प्रभागनिहाय दवाखाने सुरू केले. संसर्गजन्य रोगांसाठी बेंगळुरूत स्वतंत्र शासकीय रुग्णालय आहे. इंदिरानगर भागात जुन्या मद्रास रस्त्यावरील हे साथरोग रुग्णालय 'आयसोलेशन हॉस्पिटल' या नावानेच अधिक परिचित असून रिक्षाचालकालाही हेच नाव सांगणे सोयीचे. लहान मुलांसाठी इंदिरा गांधी बालआरोग्य संस्था, तर गर्भवतींसाठी व्हिक्टोरिया रुग्णालयालगतचे वाणी विलास रुग्णालय ही शासकीय ठिकाणे आहेत. गर्भवतीच्या बाबतीत विलंब परवडणारा नाही. प्रसूतीपूर्वीचे पाच दिवस ते प्रसूतीनंतरचे दोन दिवस या काळात मातेला पुरळ उठल्यास नवजात अर्भकाच्या जिवाला धोका असतो आणि त्याला तातडीने प्रतिपिंडांचे इंजेक्शन द्यावे लागते.

कोणत्याही दवाखान्यात जाण्यापूर्वी दूरध्वनी करून जाणे उचित. प्रतीक्षाकक्षात तान्ही मुले असतात, कर्करोगावर उपचार घेणारे रुग्णही असू शकतात.

वस्त्रोद्योगातील व अन्य कारखान्यांतील कामगारांपुढे मजुरी बुडण्याचा प्रश्न असतो. कर्मचारी राज्य विमा योजनेची राजाजीनगर व इंदिरानगर येथे रुग्णालये आहेत. अंशदानाची अट पूर्ण करणाऱ्या विमाधारकास प्रमाणित आजारपणाच्या काळात वेतनाच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी योजनेच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र आवश्यक असल्याने घरीच अंगावर काढलेल्या आजाराला हा लाभ मिळत नाही.

गावी जावे काय?

पेइंग गेस्ट निवासाच्या मालकाने खोली सोडण्यास सांगितले, की रात्रीची बस पकडून पुणे, कोल्हापूर अथवा बेळगाव गाठण्याचा विचार बहुतेकांच्या मनात येतो. तो समजण्याजोगा असला, तरी बंदिस्त वातानुकूलित गाडीतील दहा-बारा तासांचा प्रवास सहप्रवाशांना संसर्ग देण्यास पुरेसा असतो. सर्व फोडांवर खपली धरण्यास पुरळ उठल्यापासून साधारणपणे पाच ते सात दिवस लागतात. तेवढे दिवस ज्यांना हा आजार पूर्वी होऊन गेला आहे, अशा मित्रांनी स्वतंत्र खोली आणि जेवणाचा डबा यांची व्यवस्था केल्यास प्रवास टळू शकतो. शुश्रूषेसाठी गावाहून आई येणार असेल, तर तिला कांजिण्या होऊन गेल्या आहेत काय, हे आधी विचारलेले बरे. प्रौढ वयात या प्रश्नाचे उत्तर घरातील वडीलधाऱ्यांखेरीज कोणालाच ठाऊक नसते, ही यातली आणखी एक अडचण.

मंकीपॉक्सच्या साथीनंतर फोड दिसताच घबराट वाढली आहे. जुलै २०२२ च्या अखेरीस बेंगळुरूत मंकीपॉक्सच्या संशयावरून तपासलेल्या एका परदेशी नागरिकास प्रत्यक्षात कांजिण्याच झाल्या असल्याचे राज्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री के. सुधाकर यांनी जाहीर केले होते. मंकीपॉक्समध्ये बहुधा लसिका ग्रंथी सुजतात व तळहात-तळपायांवरही फोड येतात. शंका राहिल्यास प्रयोगशाळेतील चाचणीने निदान पक्के करता येते.

कांजिण्यांची लस जपानचे डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७० च्या दशकात विकसित केली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश नसल्याने ती सहसा खासगी दवाखान्यांत पैसे मोजून घ्यावी लागते. मुलांना दोन मात्रा देण्याची शिफारस भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमी करते. प्रौढांनाही किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा घेता येतात, मात्र गर्भवतींना व प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांना ती दिली जात नाही. रुग्णाच्या खोलीत राहणाऱ्या व यापूर्वी आजार न झालेल्या साथीदाराने संपर्कानंतर तीन, फार तर पाच दिवसांत लस टोचून घेतल्यास आजार टळण्याची किंवा सौम्य राहण्याची शक्यता असते.