वेदपाठ, वाणी आणि मेंदूवरील शस्त्रक्रिया

काशीतील रामघाटावर असलेल्या वल्लभराम शालिग्राम साङ्गवेद विद्यालयात २०२५ साली, मूळ अहिल्यानगरचे देवव्रत महेश रेखे यांनी वयाच्या १९ व्या वर्षी शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतील सुमारे २,००० मंत्रांचे दंडक्रम पारायण ५० दिवसांत पूर्ण केले. दंडक्रमात पदे सरळ म्हणून उलटावयाची, पुढील पद जोडून पुन्हा आरंभापासून निघावयाचे, आणि हे सर्व पोथी न पाहता, स्वर ढळू न देता. या तपश्चर्येचा गौरव झाला तो यथोचितच होय. तथापि इतकी पदे ज्या मेंदूत साठविली जातात, त्या मेंदूचे अशा अध्ययनाने काय होते, हा प्रश्नही तितकाच विचारणीय आहे.

त्या दिशेने एक महत्त्वाचा प्रयत्न हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात झाला. जेम्स हार्टझेल व त्यांचे सहकारी यांनी २१ वेदपाठी पंडितांच्या मेंदूंची चुंबकीय चित्रे घेऊन ती इतर २१ जणांच्या चित्रांशी ताडून पाहिली; निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. ४०,००० पासून १,००,००० हून अधिक शब्दांचे ग्रंथ मुखोद्गत करणाऱ्या या पंडितांच्या मेंदूत, दोन्ही गोलार्धांतील करड्या द्रव्याच्या दहा टक्क्यांहून अधिक भागांत घनता जास्त आढळली. भाषा, स्मृती आणि दृष्टी यांच्याशी निगडित असे हे भाग होते. अर्थात एकाच वेळी घेतलेल्या चित्रांवरून संथेने मेंदू घडला, की असे मेंदू असलेलेच संथेत टिकले, हे ठरविता येत नाही. वृत्तपत्रांनी ही मर्यादा बहुधा वगळली.

अनुभवानुसार आपली घडण पालटण्याचा जो मेंदूचा गुण, त्यास लवचीकता म्हणतात. १८६१ साली पॅरिस येथे पॉल ब्रोका यांनी वाणीचे स्थान डाव्या ललाटखंडात दाखविले, तेव्हापासून प्रत्येक कार्याचे एक कायमचे ठिकाण असते अशी धारणा दृढ झाली होती. मेंदूतील गाठींच्या शस्त्रक्रियेने ती पुष्कळ शिथिल केली. पक्षाघातात रक्तपुरवठा क्षणात तुटतो आणि वाचा जाते; पण मंद गतीने वाढणारा ग्लायोमा वर्षानुवर्षे पसरत असता आजूबाजूचे आणि दुसऱ्या गोलार्धातील भाग त्याचे काम हळूहळू अंगावर घेतात. ब्रोकांनी दाखविलेला भागच गाठीसह काढूनही रुग्ण बोलता राहिल्याची उदाहरणे फ्रान्समधील मोंपेलिए येथील शस्त्रवैद्य ह्यूग द्यूफो यांनी नोंदविली आहेत. काही रुग्णांत त्यांनी गाठीचा कार्यरत भाग प्रथम राखला, आणि काही वर्षांनी कार्य अन्यत्र सरकल्याचे पाहून तोही काढला. मात्र या लवचीकतेला सीमा आहे. करड्या पृष्ठभागाची उणीव भरून निघू शकते. दूरच्या भागांना जोडणारे पांढऱ्या द्रव्याचे तंतू तुटल्यास ती सहसा भरून निघत नाही.

म्हणून कोठे थांबावयाचे हे चित्रावरून नव्हे, तर रुग्णाच्या बोलण्यावरून ठरते. मेंदूच्या द्रव्याला वेदना कळत नाहीत. त्यामुळे कवटीवरील त्वचा बधिर करून रुग्णाला जागे ठेवता येते. शस्त्रवैद्य क्षीण विद्युत्प्रवाहाने एकेक बिंदू स्पर्शितो, रुग्ण समोरील चित्राचे नाव सांगतो; नाव अडले की तो बिंदू राखावयाचा. माँट्रिअल येथे वाइल्डर पेनफील्ड यांनी ही पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केली.

परंतु नाव कोणत्या भाषेत सांगावयाचे? १९७८ साली ओजेमान व व्हिटेकर यांनी दोन द्विभाषिक रुग्णांत असे दाखविले की काही बिंदूंवर दोन्ही भाषा अडतात, तर काहींवर एकच. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात २०१९ पासून टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग रुग्णालय चालते, त्यामुळे रामघाटाला हा प्रश्न परका नाही. तेथील मराठी वेदपाठी घरी मराठी बोलतो, बाजारात हिंदी, आणि पाठ करतो तो संस्कृतात. त्याच्या डाव्या शंखखंडात गाठ निघाली आणि केवळ हिंदीत चित्रे दाखविली, तर मराठीचा बिंदू शस्त्राखाली जाण्याचा संभव राहतो.

पाठाचा पेच याहून सूक्ष्म आहे. ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखविले होते की नवे वाक्य रचण्याची शक्ती गेलेला रुग्णही अंक मोजू शकतो, प्रार्थना म्हणू शकतो. तेव्हा शस्त्रक्रियेच्या मेजावर पंडिताने संहिता अस्खलित म्हटली म्हणून त्याची वाचा शाबूत आहे असे मानणे धोक्याचे ठरेल. उलट चित्रांची नावे बिनचूक आली म्हणून पदे उलटसुलट गुंफणारा दंडक्रम सुरक्षित राहिला असेही म्हणता येणार नाही. दोहोंची परीक्षा निराळी घ्यावी लागेल, आणि तिची तयारी शस्त्रक्रियेपूर्वीच, मराठी व हिंदी चित्रनावे आणि रुग्णाला नित्य येणारा पाठ ठरवून, करावी लागेल. तो पाठ चुकला की नाही हे शस्त्रवैद्याला कळणार नाही. त्यासाठी पाठ जाणणारा कोणी त्याच्या शेजारी उभा असावा लागेल.