घर पाहावं शोधून

वृद्धाश्रम हा शब्द आमच्या घरात कधी कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. अमक्यानं आईला 'तिकडे' ठेवलं असं कानावर आलं की आम्ही आवाज खाली आणून बोलायचो, आणि त्या बोलण्यात हळहळ कमी, निवाडा जास्त असायचा. तो निवाडा करणाऱ्यांत मीही होतो. म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावासाठी अशी जागा बघायला निघालो, तेव्हा पुतण्याला सांगून ठेवलं, "कुणी विचारलं तर म्हण, काका दवाखाना बघायला गेलेत."

दादा माझ्याहून एकोणीस वर्षांनी मोठे. आम्ही सहा भावंडं, मी शेंडेफळ. वडील लवकर गेले. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, सेलू, मानवत अशा गावांतून दादांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि त्याच पगारात आम्हा सगळ्यांची शिक्षणं उरकली. मी बँकेत अधिकारी झालो, पुढे चार कादंबऱ्या लिहिल्या, ते सगळं त्यांनी भरलेल्या फीवर. तेच दादा सहा वर्षांपूर्वी भाजीवालीशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालू लागले. आम्ही म्हणालो, वय झालं. मग चष्मा पिठाच्या डब्यात सापडू लागला. एकदा जेवण झाल्यावर हात धुऊन परत पाटावर येऊन बसले आणि वहिनींना म्हणाले, "आज उपास आहे का?" डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. ज्याला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या 'म्हातारचळ' म्हणून हसण्यावारी नेलं, तो हा आजार.

वहिनींनी पाच वर्षं एकटीनं निभावलं. मधे दोन महिने थोरल्या मुलाकडे पुण्याला नेऊन पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात दादा दिवसभर दाराची कडी हलवत म्हणायचे, "मला घरी जायचंय." परत आणलं. मग एका दुपारी, ऐन मे महिन्यात, वहिनींचा डोळा लागला आणि दादा अनवाणी बाहेर पडले. सापडले ते पूर्णा जंक्शनवर, रात्री साडेनऊला. एका हमालानं ओळखलं, कारण तो त्यांचा विद्यार्थी होता. त्यानंतर महिनाभरात वहिनी न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आता सांभाळणाऱ्यालाच सांभाळायची वेळ आली होती.

हा शहरातल्या, शिकल्यासवरल्या घरांचा आजार आहे अशी एक समजूत आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनं ती खोडून काढली. साठीपुढच्या भारतीयांत शंभरातल्या साधारण सात जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. आणि प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. सोयी मात्र उलट्या दिशेला. केरळमध्ये १९९२ साली 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन झाली आणि देशात या कामाला संघटित रूप येऊ लागलं. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या आसपास अशा रुग्णांसाठी निवास निघाले. मराठवाड्यातल्या माणसानं कुठं जावं? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम असावा अशी तरतूद आहे, पण ती निराधारांसाठी. शिवाय मी चौकशी केली त्या बहुतेक वृद्धाश्रमांची पहिलीच अट होती : 'स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे.' दादांना तर तेच येईनासं झालं होतं.

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. दुसऱ्यासाठी, तेही ज्याला विचारता येत नाही अशा माणसासाठी, घर पाहणं त्याहून अवघड. मी बँकेत असताना काही वर्षं शाखा-तपासणीचं काम केलं होतं. त्या कामाचे दोन नियम असत. एक, न सांगता जायचं. दोन, मॅनेजर दाखवतो ते शेवटी बघायचं. जन्मभर ज्या सवयीनं लोकांच्या शिव्या खाल्ल्या, ती इथं उपयोगी पडली.

पहिली जागा मोठ्या शहरातली. दारात कारंजं, संगमरवरी फरशी, महिना पस्तीस हजार, अनामत वेगळी. सकाळी अकराला पोचलो तर दिवाणखान्यात चौदा म्हातारे-म्हाताऱ्या खुर्च्यांत ओळीनं बसलेले, आणि चौदाच्या चौदा झोपेत. "किती शांत आहेत ना सगळे!" व्यवस्थापक कौतुकानं म्हणाले. मला ती शांतता पटेना. डिमेन्शियाच्या माणसाला गप्प ठेवण्यासाठी मनोविकारावरची औषधं सर्रास दिली जातात. त्यांनी अशा वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ सालीच दिला होता. कधी कधी ती द्यावी लागतात, हे मान्य. पण कुणाला, किती, कुणाच्या सांगण्यावरून, हे कागदावर असायला हवं. मी औषधांची नोंदवही मागितली. ती 'डॉक्टरांकडे' होती. करारपत्र वाचायला मागितलं. त्यात दरवर्षीची वाढ किती ते नव्हतं, आणि रुग्ण अंथरुणाला खिळला तर 'नातेवाइकांनी घेऊन जावे' असं बारीक अक्षरात होतं. म्हणजे गरज सगळ्यांत मोठी असेल तेव्हाच दार बंद.

दुसऱ्या ठिकाणी एका आजोबांच्या मनगटाला ओढणीनं पलंगाशी गाठ मारलेली दिसली. "पडू नयेत म्हणून," असं उत्तर मिळालं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीच्या गंभीर विकाराचाही समावेश आहे. साखळीनं बांधायला त्यात पूर्ण मनाई आहे. आणि अन्य मार्गानं जखडणं हे तत्काळ धोका टाळायचा दुसरा उपायच नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीनं आणि नोंद करूनच. ओढणीची नोंद कुणी केली असेल? मी चहा न घेता निघालो.

तिसरी जागा आमच्याच जिल्ह्यातली, एका तालुक्याच्या गावाबाहेर. निवृत्त परिचारिका असलेल्या एका बाईंनी स्वतःच्या घरात सुरू केलेली. अकरा माणसं, पत्र्याचं वाढवलेलं छप्पर, अंगणात लिंबाचं झाड. कारंजं नाही. पहिल्यांदा सकाळी गेलो, दुसऱ्यांदा रविवारी रात्री आठनंतर, तिसऱ्यांदा भर दुपारी वीज गेलेली असताना. काय पाहिलं ते सांगतो, कारण हा प्रसंग उद्या कुणावरही येऊ शकतो.

आधी वास पाहिला. सकाळी सातला लघवीचा वास येणं स्वाभाविक. अकरालाही येत असेल तर तिथं माणसं कमी आहेत. मग संडास. तो पलंगावरून दिसतो का, रात्री दिवा असतो का, धरायला दांडी आहे का, उंबऱ्याला ठेच लागेल का. मग टाचा. अंथरुणावरच्या एका आजींच्या टाचा आणि कंबर बाईंनी न लाजता दाखवली. कातडी स्वच्छ होती. मग जेवण. भरवणारी मुलगी उभ्यानं घास कोंबत होती की शेजारी बसून? बसली होती, आणि गिळेपर्यंत थांबत होती. मग पाणी. आमच्या परभणीचा उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, आणि या आजाराचा माणूस तहान लागली असं सांगत नाही. भिंतीवर प्रत्येकाच्या नावापुढे पाण्याच्या पेल्यांच्या खुणा होत्या. वजनाची वही होती. इन्व्हर्टर होता. फाटकाला कुलूप होतं, पण फाटकाच्या आत झाडाभोवती फिरायला मोकळी वाट होती. भिरभिरणाऱ्या माणसाला चालू द्यावं लागतं. कोंडलं की तो भांडतो.

उणं नव्हतं असं नाही. दिवसा तीन मदतनीस, पण रात्री एकच. "दोघं उठले एकदम, तर?" मी विचारलं. बाई खरं बोलल्या, "तर मी उठते, साहेब. पण माझंही वय झालंय." पुढच्या महिन्यापासून रात्री दुसरं माणूस ठेवू, महिना सोळाचे अठरा हजार होतील, असं ठरलं. ते मी कागदावर घेतलं. आधीपासून तिथं असलेल्या दोघांच्या घरच्यांशी बाईंच्या माघारी बोललो. कुठलं आजारपण कसं हाताळलं, फोन किती वाजता आला, हे त्यांच्याकडूनच कळतं.

पण निर्णय झाला तो एका वेगळ्याच गोष्टीवर. दादांचा जन्म १९३९ चा, निजामाच्या राज्यातला. पहिल्या इयत्तांत त्यांना उर्दू शिकावं लागलं. आणि १९४८ च्या त्या पावसाळ्यात, नऊ वर्षांचे असताना, रझाकारांच्या भीतीनं आईबरोबर ज्वारीच्या कणगीमागे लपून काढलेल्या रात्री त्यांच्या आत कुठंतरी जशाच्या तशा राहिल्या होत्या. आजारानं पुढची सत्तर वर्षं पुसत आणली, पण त्या रात्री राहिल्या. अंधार पडला की ते दिवे मालवायला सांगत, दाराला खाट लावत. पुण्यातल्या मदतनिसानं वहीत लिहिलं होतं, 'पेशंट रात्री त्रास देतो.' इथं दोन दिवस प्रायोगिक ठेवलं, तेव्हा रात्री ते उठलेच. मी व्हरांड्यात होतो. कामाची बाई, गावातलीच, पन्नाशीची, जवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "गुरुजी, दिवा बारीक केलाय. आता भ्यायचं नाही. मिलिटरी आली आपली." दादा थोडा वेळ कानोसा घेत राहिले आणि आडवे झाले. तिला मी नंतर विचारलं. "माझी आजी असंच करायची," ती म्हणाली.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे निवृत्त पंडित हत्तीमागे निघून जातात आणि माहुताच्या घरी पोचतात. त्यांची विद्वत्ता माहुताच्या बायकोच्या गावीही नाही, भाषाही वेगळी. ती त्यांना लेकरू म्हणून सांभाळते. चित्रपट पाहिला तेव्हा मला ते जरा काव्यात्म वाटलं होतं. त्या व्हरांड्यात तसं वाटलं नाही.

एक सूचना बँकवाल्याच्या नात्यानं. वेळ असतानाच कागदपत्रं करा. पुष्कळ घरांना वाटतं, कुलमुखत्यारपत्र आहे म्हणजे झालं. पण १८७२ च्या करार कायद्यानुसार ते देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारी संपते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हा. निदान झाल्या झाल्या, माणसाला कळतंय तोवर, खातं दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं संयुक्त करावं, वारसाची नोंद करावी, मृत्युपत्र करावं. नंतर मग न्यायालयाची पायरी. आम्ही वर्षभर उशीर केला आणि तो निस्तरतो आहोत.

वहिनींना समजावणं सर्वांत कठीण गेलं. "लोक काय म्हणतील" हे त्या एकदाच म्हणाल्या. नंतर म्हणाल्या, "मी त्यांना टाकलं असं त्यांना वाटेल." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंग्रज कादंबरीकार आयरिस मर्डॉक यांना हाच आजार झाला. पती जॉन बेली यांनी वर्षानुवर्षं घरी सगळं केलं, त्यावर पुस्तक लिहिलं. तरी शेवटचे काही आठवडे त्यांना ऑक्सफर्डच्या एका शुश्रूषागृहात न्यावं लागलं आणि १९९९ साली तिथंच त्या गेल्या. प्रेम कमी पडलं म्हणून नव्हे, हात कमी पडले म्हणून. वहिनींना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, "तिथं त्यांना भाकरी कुस्करून देतील ना?"

दादांना तिथं जाऊन आठ महिने झाले. सगळं गोड झालेलं नाही. एकदा ते पडले, कपाळाला तीन टाके पडले. फोन मात्र दहा मिनिटांत आला. दोन किलो वजन उतरलं होतं, ते परत आलं. वहिनी काठी घेऊन आठवड्यातून तीनदा रिक्षानं जातात, दुपार तिथं काढतात, जाताना डबा नेतात. पूर्वी त्या त्यांच्या अंगावर ओरडायच्या आणि मग स्वतःच रडायच्या. आता शेजारी बसून मोसंबी सोलतात. आणि मी अजून न सांगता जातो. बाई हसतात, "तपासणी झाली का, साहेब?"

गेल्या रविवारी गेलो तर दादा झाडाखाली बसले होते. मला ते ओळखत नाहीत. पण माझ्या हातातली पिशवी बघून त्यांना कुठली तरी खूण पटली असावी. उठू लागले. "बँकेतून आलात का? बरं झालं. धाकट्याची फी भरायची राहिलीय. परवा शेवटची तारीख."

"भरली, गुरुजी," मी म्हणालो. "पैसे वेळेवर जमा झाले."

"आणि पोरगा? पास झाला का?"

"झाला."

मग आम्ही बराच वेळ तिथंच बसलो. कामाची बाई पाण्याचा पेला घेऊन आली, त्यांना पाजला आणि आत जाऊन भिंतीवर खूण केली.