ऑक्सफर्ड ते केंब्रिज, व्हाया लंडन

सप्टेंबरमध्ये यूकेला मास्टर्ससाठी जाणाऱ्या कुणालाही विचारा, पहिल्या महिन्यात एक गोष्ट हमखास कळते. ऑक्सफर्डहून केंब्रिजला थेट ट्रेन नाही! दोन्ही गावांमध्ये सरळ रेषेत अंतर शंभरेक किलोमीटर. पण ट्रेनने जायचं तर आधी लंडन, मग बॅग ओढत ट्यूबने शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथून पुन्हा वर. पुणे-नाशिककरांना हे दुखणं लगेच समजेल. आपली गाडीही वळसा घेऊनच जाते. फरक इतकाच, की आपल्याकडे थेट मार्ग झालाच नाही. त्यांच्याकडे तो होता, आणि 1967 च्या डिसेंबरअखेर त्यावरच्या बहुतेक भागातली प्रवासी वाहतूक बंद केली गेली.

ज्या देशाने जगाला रेल्वे दिली, त्याने स्वतःची रेल्वे कापून का टाकली?

सुरुवात तर दणक्यात झाली होती. 27 सप्टेंबर 1825 ला स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर जॉर्ज स्टीफन्सनचं इंजिन धावलं. 1830 मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर सुरू झाली, आणि उद्घाटनाच्याच दिवशी विल्यम हस्किसन हे खासदार इंजिनाखाली सापडून गेले. तरी वेड थांबलं नाही. 1846 या एका वर्षात तिथल्या संसदेने नव्या मार्गांसाठी अडीचशेहून जास्त कायदे मंजूर केले. जो तो रेल्वेचे शेअर्स घेत होता. आजच्या क्रिप्टोसारखंच समजा. फुगा फुटल्यावर हजारो घरं बुडाली.

रेल्वेने घड्याळंही बदलली. तोवर प्रत्येक गावाची वेळ वेगळी. ब्रिस्टॉल लंडनच्या दहा मिनिटं मागे. मग टाइमटेबल छापायचं कसं? तिथल्या कॉर्न एक्स्चेंजच्या घड्याळाला आजही दोन मिनिटकाटे आहेत, एक लंडनचा, एक गावचा.

(आपली 1853 ची बोरीबंदर-ठाणे गाडी याच लाटेतली. फक्त तिथे गुंतवणूकदार बुडत होते, आणि इथे जीआयपी कंपनीच्या लंडनमधल्या भागधारकांना 5 टक्के परताव्याची हमी होती. कमी पडलं तर भरपाई भारताच्या महसुलातून. रिस्क फ्री!)

दोन महायुद्धांनी रेल्वे पार झिजली. 1948 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. पण लोक मोटारी घेऊ लागले आणि तोटा वाढत गेला. मग केमिकल कंपनी आयसीआयमधून डॉ. रिचर्ड बीचिंग यांना आणलं गेलं. पगार पंतप्रधानांपेक्षा जास्त. 1963 च्या मार्चमध्ये त्यांचा अहवाल आला: 2,363 स्थानकं आणि सुमारे 5,000 मैल मार्ग बंद करा. आकडे बिनतोड वाटत होते. निम्म्या स्थानकांमधून मिळून उत्पन्न येत होतं जेमतेम 2 टक्के.

इथेच गोम आहे. छोट्या फाट्यावरून येणारा माणूस पुढे मेन लाइनवरही प्रवास करत असतो. फाटा बंद केला की तो मोटार काढून मोठ्या स्टेशनवर येईल, असं गृहीत धरलं होतं. पण एकदा मोटार काढली की तो थेट मुक्कामालाच जाऊ लागला. पर्यायी बसही अनेक ठिकाणी पुढे बंद झाल्या. बीचिंग यांना सगळा दोष देणं मात्र सोपं आहे. निर्णय सरकारचे होते, आणि गंमत म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिज मार्ग त्यांच्या यादीत नव्हताच!

लोक गप्प बसले नाहीत. जानेवारी 1969 मध्ये एडिंबरा ते कार्लाइल या वेव्हर्ली मार्गावरून शेवटची रात्रगाडी निघाली, तेव्हा न्यूकॅसलटन या खेड्यातल्या लोकांनी फाटक बंद करून तीच अडवली. पुढे गावचे पाद्री होते, त्यांना पोलिसांनी पकडलं. गाडीत स्थानिक खासदार डेव्हिड स्टील होते. त्यांनी मध्यस्थी करून पाद्रींना सोडवलं, लोक बाजूला झाले. गाडी गेली आणि मार्ग बंद झाला. त्याच सुमारास सेंट अँड्र्यूजचं स्टेशनही गेलं. तिथले विद्यार्थी आजही ल्यूकर्सला उतरून बस पकडतात.

नव्वदच्या दशकात खासगीकरण आलं. रूळ एका कंपनीचे, डबे दुसरीकडून भाड्याने, गाडी चालवणारी तिसरी. उशीर झाला तर दोष कुणाचा, हे ठरवायला वेगळी माणसं! 2000 मध्ये हॅटफिल्डला तडा गेलेला रूळ तुटून चौघांचा जीव गेला, तेव्हा या वाटणीची किंमत कळली. रूळ पुन्हा सरकारी छत्राखाली आले. आता गाड्याही येताहेत. मे 2025 मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वे सरकारी झाली. रुळांची कामं चालू असल्याने त्या दिवशीच्या पहिल्याच फेरीत प्रवाशांना काही अंतर बसने जावं लागलं. ब्रिटिश पेपरांना आयताच विषय मिळाला.

आज जाळं जवळपास 10,000 मैलांचं आहे, पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या निम्म्याहून कमी. वर्षाला प्रवास मात्र 170 कोटींच्या आसपास. विजेवर चालणारे मार्ग 40 टक्केही नाहीत. आपलं ब्रॉडगेज जवळजवळ पूर्ण झालंय. तिकिटांचे दर बघून डोळे पांढरे होतात, म्हणून जाणाऱ्यांनी 16-25 रेलकार्ड आधी काढावं, बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते.

आणि कापलेलं पुन्हा जोडणं सुरू आहे. वेव्हर्ली मार्गाचा 30 मैलांचा तुकडा 2015 मध्ये परत सुरू झाला, पहिल्याच वर्षी दहा लाखांहून जास्त प्रवास झाले. ऑक्सफर्ड-केंब्रिजचंही काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. पण वेव्हर्लीची नवी गाडी ट्वीडबँकलाच थांबते. त्याच्या पुढचं हॉइक आणि न्यूकॅसलटन, जिथे त्या रात्री फाटक बंद झालं होतं, तिथे अजून ट्रेन नाही.