घार आणि पिलें

हडपसरास ज्यांच्या अंगणांत कोंबड्या मोकळ्या चरतात, त्यांचा सारा रोष घारीवर असतो. परंतु हिंवाळा सरतांना तिच्याही घरट्यांत भुकेलीं पिलें असतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें तिला मारणें हा गुन्हा आहे. मग उपाय कोणता?

घिरट्या घालणारी घार दुरून दिसते. शिक्रा मात्र झाडाच्या आडोशानें येऊन अवचित झडप घालतो. म्हणून केवळ राखणीवर विसंबूं नये. पिलें लहान असतां तीं डालग्याखालीं किंवा वरून जाळी ताणलेल्या आवारांत ठेवावीं. अंगणांत दाट झुडपें असावीं. आईनें इशाऱ्याचा स्वर काढतांच पिलांस तेथें लपतां येतें. मासळीचीं आंतडीं उघड्यावर टाकूं नयेत. तें घारीस आमंत्रणच होय.

बालमित्रांनो, दगडापेक्षां जाळी बरी. तिनें दोन्ही आयांचीं पिलें वांचतात.