डिक्शनरीत मावतं लोकलचं जाळं!

अंधेरीहून ठाण्याला जायचंय. लोकलने दादरला जाऊन गाडी बदलायची, की मेट्रोने घाटकोपर गाठून पुढची लोकल पकडायची? हा हिशेब तुम्ही उभ्या उभ्या करता. पण हेच मिनी प्रोजेक्टमध्ये करायला सांगितलं की? पायथॉनमध्ये लिस्ट आहे, सेट आहे, डिक्शनरी आहे. ग्राफ नावाचा तयार डेटा टाइप मात्र नाही!

टेन्शन नॉट. ग्राफ म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. ठिपका म्हणजे नोड, रेषा म्हणजे एज. डिक्शनरीत स्टेशनचं नाव ही 'की' आणि तिथून थेट जाता येणाऱ्या स्टेशनांची लिस्ट ही 'व्हॅल्यू'. झाला ग्राफ! पायथॉनचा जनक गिडो व्हॅन रॉसम यानेही एका लेखात हीच युक्ती सांगितली आहे.

बरेच जण सवयीने मॅट्रिक्स घेतात. १० हजार नोड्स असतील तर १० कोटी चौकोन, आणि त्यातले बहुतेक रिकामे! डिक्शनरीत जेवढ्या रेषा, तेवढीच नोंद.

आणि नोड म्हणजे स्टेशनच हवं असंही नाही. मित्राचं नाव, रोल नंबर, बुद्धिबळाच्या घराचं टपल, स्वतः लिहिलेल्या क्लासचा ऑब्जेक्ट, काहीही चालतं. अट एकच: ते हॅशेबल हवं. लिस्ट नोड म्हणून दिलीत की 'टाइप एरर' आलाच. कारण लिस्ट नंतर बदलू शकते, आणि बदलणाऱ्या चावीने कुलूप कसं उघडणार?

आता दोन जागा, जिथे हमखास दांडी उडते. एक, अंधेरीच्या लिस्टमध्ये दादर टाकलंत, पण दादरच्या लिस्टमध्ये अंधेरी विसरलात, तर तुमचा प्रवासी जाईल, पण परत येणार नाही! दोन, ब्रेड्थ फर्स्ट सर्च सगळ्यात कमी टप्प्यांचा रस्ता देतो, कमी वेळाचा नाही. मिनिटं मोजायची तर लिस्टऐवजी आतही डिक्शनरी ठेवा, प्रत्येक रेषेला वेळ द्या आणि डायक्स्ट्राचा १९५९ सालचा अल्गोरिदम वापरा.

२००५ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली 'नेटवर्कएक्स' ही लायब्ररीसुद्धा आतून अशीच आहे, डिक्शनरीत डिक्शनरी. ती जरूर वापरा. पण त्याआधी एकदा दहा-पंधरा ओळींत स्वतःचा ग्राफ लिहून बघा. व्हायवाला "आत काय चालतं?" असं विचारलं, की लायब्ररीचं नाव सांगून सुटका होत नाही!